आकडा सांग, कारण नको

मला अरे-तुरे करणाऱ्या बायका आयुष्यात मोजून तीन झाल्या. आई, बायको आणि कॅन्सरची डॉक्टर. पहिल्या दोघींचा तो हक्कच होता. तिसरीचा इलाज नव्हता. जन्म ओहायोतला, मराठी शिकल्या त्या आजीच्या मांडीवर. आजी नातीशी जे आणि जसं बोलायची तेवढंच मराठी त्यांच्या वाट्याला आलं, त्यामुळे सगळं जग त्यांच्यासाठी 'तू'. "काका, तू इथे बस. मावशी, तू पण बस ना." माझ्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी लहान बाई मला काका म्हणते, याचा पहिल्या दिवशी मला कॅन्सरपेक्षा जास्त राग आला होता. पुढे घरी आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायला लागलो. त्यांनी मला हजारदा 'तू' म्हटलं असेल, पण माझ्या तोंडून त्यांच्यासाठी 'तुम्ही'शिवाय दुसरं कधी निघालं नाही.

बाईंच्या डोक्यावर कायम खणाची टोपी. इथे ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर घालतात तसल्या धाटणीची, पण आजीच्या जुन्या चोळ्या उसवून शिवलेली. बाई रेडिएशनच्या डॉक्टर, ऑपरेशन त्या करतच नव्हत्या, म्हणजे टोपीचं काही कामच नव्हतं. कोटाच्या खिशात टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर. जेवण म्हणजे खारी बिस्किटं आणि लिंबाचं लोणचं, तेही उभ्याउभ्या. आमच्या वाळवंटातल्या चँडलर गावच्या त्या मोठ्या कॅन्सर सेंटरात बाकीचे डॉक्टर इस्त्रीत वावरत. त्यांच्यात बाई अशा दिसायच्या, की लग्नघरात आचारी चुकून बोहल्यावर चढलाय. पहिल्या भेटीनंतर मी बायकोला म्हटलं होतं, "यार, दुसरा डॉक्टर बघू या का?"

बाईंचा एकच प्रश्न असायचा. "आज किती?" रेडिएशन चालू असताना दर मंगळवारी डॉक्टर तपासतात. नर्स वजन घेई, ताप बघे, आणि मग बाई येऊन त्याच सुरात विचारायच्या, आज किती. म्हणजे किती सिगरेटी. जो ओढतो त्यालाही आणि जन्मात ज्यानं ओढली नाही त्यालाही. कोणी म्हणालं वीस, तर "हं" म्हणून लिहायच्या. कोणी म्हणालं शून्य, तरी तेवढंच "हं". एका गोऱ्या आजींनी महिनाभर शून्य टिकवलं होतं आणि शाबासकीही मिळाली नाही म्हणून त्या वेटिंग रूममध्ये माझ्याकडे कुरकुरत होत्या. मी धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, झीरोला टाळ्या दिल्या तर टू सांगणाऱ्याला मी काय देऊ? मग टू कोण सांगेल मला?" मी तीस वर्षं इंजिनिअरिंगमध्ये काढली. यंत्राकडून खरं रीडिंग कसं घ्यायचं यावर डोकेफोड करणं हाच माझा धंदा. माणसाकडून खरं रीडिंग घेण्याची इतकी साधी युक्ती मला कधी सुचली नव्हती.

पण हे पुढचं. आधी माझा खोटेपणा सांगायला हवा.

माझ्या स्वरतंतूंवर गाठ निघाली होती. लवकर सापडली होती, रेडिएशननं जाण्याची चांगली आशा होती. नाही गेली तर स्वरयंत्रच काढायचं, गळ्याला भोक, बोलणं संपलं. नागपूरला आई आहे, डोळ्यांनी पार अधू झालेली. व्हिडिओ कॉल तिच्या उपयोगाचा नाही. मी तिचा मुलगा उरलो आहे तो केवळ आवाजापुरता. तो गेला की तिच्या लेखी मीच गेलो. हे सगळं मला लख्ख कळत होतं आणि तरीही मी रोज सहा-सात सिगरेटी ओढत होतो.

बायकोला माहीत नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण तिला सायनसचा जुना त्रास, वास म्हणून येत नाही. पहाटे कालव्याच्या काठानं मॉर्निंग वॉकला जायचं, पहिली तिथे ओढायची, बाकीच्या ऑफिसात. खिशात लवंगा. आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं तिच्याकडे: व्हिसाचे, टॅक्सचे, पोरांच्या कॉलेजचे. हॉस्पिटलचाही तिनंच भरला. 'धूम्रपान' याच्यापुढे 'कधीच नाही' वर टिचकी मारली आणि अभिमानानं मला स्क्रीन दाखवली. मी शेजारी बसून मान डोलावली. पहिल्या भेटीत बाईंनी विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, शून्य. बायको हसून म्हणाली, "डॉक्टर, याला साधं सुपारीचं व्यसन नाही हो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

रेडिएशन शनिवार-रविवार सोडून रोज, सात आठवडे. बायकोला रोज रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळानं एक्सेल शीट केली. सोमवारी कोण नेणार, मंगळवारी कोण, डबा कोणाचा, ताक कोणाचं. माणसं इतकी चांगली की पळायला जागा नाही. टेबलावर झोपवून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा दाबून बसवत, तो टेबलाला अडकवत, दहा मिनिटं हलायचं नाही. त्यातून सुटलो की गालावर जाळीचे ठसे घेऊन मी बाहेर यायचो आणि त्या दिवशीच्या सारथ्याला सांगायचो, "जरा रेस्टरूमला जाऊन येतो." मग मागच्या दारानं स्टाफच्या पार्किंगला. तिथे कण्हेरीचं उंच कुंपण होतं. त्याच्या आडोशाला एक.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मला तिथे गाठलं. दुपारची वेळ, एकशे दहा फॅरनहाइटचं ऊन. बाई छत्री घेऊन आल्या. मी शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे नेला.

"काका, हात भाजेल," त्या म्हणाल्या. "समोर घे."

घेतला. त्यांनी छत्री माझ्याही डोक्यावर धरली. मला वाटलं आता हजामत होणार. मी आधीच सुरुवात केली, "डॉक्टर, ऑफिसचं टेन्शन, त्यात आईचं..."

"रीझन नको. आकडा सांग, कारण नको. आज किती?"

"ही तिसरी."

"हं." खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी लिहिलं. "थँक यू. दोन आठवड्यांत हा पहिला खरा नंबर."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"लवंग खाणारा माणूस पेशंट म्हणून आला, की मी लक्ष ठेवते. आता ऐक. हे मी एकदाच सांगणार. तू धूर घेतलास की माझं रेडिएशन वीक पडतं. घशातली जखम भरत नाही. गाठ परत यायचा चान्स वाढतो. आज थांबलास तर आजपासून फायदा. लेट झालेलं नाही. आणि ही तुझी वाईट सवय-बिवय नाही, हा पण आजारच आहे, याची पण ट्रीटमेंट आहे. घशामुळे निकोटिनचं च्युइंगगम नको. दंडावर निकोटिनची पट्टी लाव, बरोबर गोळ्या देते."

"पट्टी? बायकोला दिसेल ना!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते मी अजून विसरलेलो नाही. रागानं नाही. खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं. "काका, कॅन्सर तिला दिसला तर चालतं, आणि पट्टी दिसली तर नाही?"

त्या म्हणाल्या, "मी मावशीला काही सांगणार नाही. ते तुझं काम. पट्टी पाठीवर लाव तोवर. पहिली किती वाजता ओढतोस?"

"सहा-दहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कालव्यावर असताना फोन वाजला. पलीकडे टायमरची टिकटिक. "पाच मिनिटं," बाई म्हणाल्या, "तलफ पाच मिनिटांत पास होते. तोवर माझ्याशी बोल." आणि त्या बोलतच सुटल्या. त्यांच्या अंगणातलं ग्रेपफ्रूटचं झाड, त्याखाली पिल्लांची रांग घेऊन फिरणारी लाव्यासारखी क्वेल पक्षीण, तीनदा फाटलेल्या पुरणपोळ्या. मला एका हातानं दुसरा हात धरून ठेवावा लागत होता. टायमर वाजला की बाई वाक्य अर्धवट टाकून फोन ठेवायच्या. शेजाऱ्यानं त्या ग्रेपफ्रूटच्या झाडावर काय केस केली आणि पुढे काय झालं, ते मला आजतागायत माहीत नाही. शनिवारी फोन, रविवारी फोन. मला वाटलं, मराठी म्हणून माझ्यावर विशेष लोभ. मग एका मंगळवारी त्यांच्या तळहातावर पेनानं लिहिलेलं दिसलं: पाच-चाळीस, सहा-दहा, सहा-पन्नास, बारा, पावणेचार. आम्ही पाच जण होतो. ट्रक चालवणारा एक जण होता, त्या शून्यवाल्या आजी होत्या, आणि बाकी कोण होतं देव जाणे. ही बाई दिवसभर पेशंट तपासून वर पाच माणसांच्या पाच तलफा स्वतःच्या अंगावर घेत होती. मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, देवळात वाटते तशी.

त्यांची आणखी एक तऱ्हा. पाकीट फेकू द्यायच्या नाहीत. "दे माझ्याकडे." त्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि आत किती उरल्या ते. मग ते पाकीट टेबलाच्या खालच्या खणात. हवं तेव्हा मागा, मिळेल. व्यवस्थापनानं दोनदा नोटीस दिली म्हणे, बाईंनी खण बदलला. मी तिसऱ्या आठवड्यात मागायला गेलो. घसा सोलवटलेला, गिळता येत नव्हतं, मनात म्हटलं गेलं सगळं खड्ड्यात. बाईंनी काही न विचारता खण उघडून पाकीट माझ्या हातात दिलं. "आत नऊ आहेत. मोजून घे." मी मोजल्या, खरंच नऊ होत्या. दार उघडं, बाई समोर बसून लोणचं-बिस्किटं खातायत. अडवणारं कोणी नव्हतं. अडवलं असतं तर मी भांडून गेलो असतो. मी तसाच बसून राहिलो आणि मग पाकीट टेबलावर ठेवलं. "फेकून का देत नाही?" मी वैतागून विचारलं. "फेकलं की माणूस नवीन विकत घेतो," त्या म्हणाल्या. "ठेवलं की मागायला येतो. आणि मागायला आला की मला भेटतो ना."

हे कुठून शिकलात, असं मी एकदा सकाळच्या फोनवर विचारलं होतं. त्या दिवशी ग्रेपफ्रूटचा विषय निघाला नाही. बाई म्हणाल्या, "काका, मी आधी अशी नव्हते. मी खूप ओरडायची. एक बस ड्रायव्हर होता माझा पेशंट. मी त्याला म्हटलं, तू ओढतोस, म्हणजे तू माझा टाइम वेस्ट करतोस. नेक्स्ट वीकपासून तो झीरो सांगायला लागला. मी खूश. तो गेल्यावर त्याची मुलगी आली. म्हणाली, डॅडी तुम्हाला फार मानायचे, म्हणून तुमच्यासमोर खोटं बोलायचे. घरी रोज रडायचे." टिकटिक ऐकू येत होती. "मला खरं माहीत असतं, तर मी त्याला पट्टी दिली असती, गोळी दिली असती. मी त्याला फक्त शरम दिली. शरमेनं बरं झालेला पेशंट मी अजून पाहिला नाही." टायमर वाजला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी लगेच फोन ठेवला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी मी बायकोला सांगितलं. न सांगून चालणारच नव्हतं, कारण एक गोष्ट मला आतून पोखरत होती. गाठ निघाली त्या दिवशी तिनं गणपतीसमोर बोलून चहा सोडला होता, मी बरा होईपर्यंत. दिवसाला पाच कप पिणारी सातारची बाई. तिनं माझ्यासाठी चहा सोडला आणि मी माझ्यासाठी सिगरेट सोडली नव्हती. माझं सांगून झालं. ती तासभर स्वच्छ ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मंगळवारी मंडळाच्या सारथ्याला तिनं कॅन्सल केलं, रजा टाकली आणि स्वतः ड्राइव्ह करत आली. खोलीत शिरल्या शिरल्या बाईंवर तुटून पडली.

"तुम्हाला माहीत होतं! मी वेड्यासारखी याच्यासाठी मऊ भात करतेय, लोकांना सांगतेय, निर्व्यसनी माणसाला देवानं कसं गाठलं. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी कोण आहे याची?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. स्वतःच्या बचावाचा, नियमांचा एक शब्द नाही. तिचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सॉरी मावशी. तू रागावली ते राइट आहे." मग म्हणाल्या, "तू चहा सोडलास ना? काकानं सांगितलं मला. डोकं किती दिवस दुखलं?"

बायको गडबडली. "आठ-दहा दिवस."

"चिडचिड?"

"झाली ना. ऑफिसात एकीला उगाच बोलले."

"चोरून कधी प्यायलीस?"

बायको माझ्याकडे बघेना. खालमानेनं म्हणाली, "एकदा. शेजारच्या काकूंकडे. अर्धा कप. गणपतीला सांगितलं नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. बाई तिच्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "काकाचं पण हेच आहे. फक्त याच्यापेक्षा खूप खूप जास्त." आणि उठून स्वतः जाऊन मशीनमधला पुचाट चहा पेपर कपात घेऊन आल्या. "पी. घरात एका वेळी एकानंच काहीतरी सोडायचं. गणपतीला माझं नाव सांग." बायकोनं तो चहा पिता पिता रडून घेतलं. त्या दिवसापासून पट्टी पाठीवरून दंडावर आली आणि रोज सकाळी ती लावायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. माझ्या घरात जे सव्वीस वर्षांत झालं नव्हतं ते या बाईंनी एका कपात केलं, आणि हे करायला त्यांना मराठी धड येतही नव्हतं. सहा-दहाचा फोन आला की आता मी एकटा नसायचो.

रेडिएशन संपलं. तीन महिन्यांनी नाकातून कॅमेरा घालून बघायचं ठरलं. गाठ गेली की नाही, स्वरयंत्र राहणार की जाणार, याचा निकाल. बाई दुसऱ्या राज्यात निघाल्या होत्या, कुठल्याशा आडगावच्या दवाखान्यात, जिथे रेडिएशनचा डॉक्टर टिकत नव्हता. माझी तपासणी त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आली.

आणि त्याच्या दोनच दिवस आधी मंडळाची दिवाळी होती. मी साडेतीन महिने शून्यावर होतो. शाळेच्या हॉलमागे ऑफिसातला एक जण ओढत उभा होता. त्यानं पाकीट पुढे केलं आणि मी घेतली. मग आणखी एक. आजवर त्याचं कारण मला सापडलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी बायको म्हणाली, "मी गाडीतच बसते. माझ्याच्यानं ऐकवणार नाही." मी एकटा आत गेलो. खुर्चीत बसलो, नाकात बधिर करायचा फवारा मारला गेला. बाई आल्या. टोपी तीच.

"आज किती?"

आजचं खरं उत्तर शून्य होतं. तेवढं सांगून सुटता आलं असतं, आणि मनात वेडी भीतीही होती, की दोन म्हटलं तर कॅमेऱ्यात गाठ दिसेल. "आज शून्य," मी म्हटलं. "परवा दोन."

"हं," म्हणून त्यांनी लिहिलं. एरवी ज्या सुरात शून्य लिहीत त्याच सुरात. मग कॅमेरा आत गेला. त्यांनी मला 'ई' म्हणायला लावलं, पुन्हा म्हणायला लावलं, बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. नळी बाहेर काढली, हातमोजे काढले.

"साफ आहे काका. गाठ नाही."

मला रडू फुटलं. आवाज माझा मलाच राहणार होता आणि त्या आवाजात मी पहिलं वाक्य काय बोलावं? "डॉक्टर, माझी लायकी नव्हती हो. परवाच दोन ओढल्यात मी."

बाईंनी मला टिश्यूचा डबा दिला. "लायकी म्हणजे?" त्यांना तो शब्द खरंच माहीत नव्हता. मी कसाबसा समजावला. त्यांनी विचार केला, मान हलवली. "नाही रे. ते बघून मी कोणालाच ट्रीट करत नाही. मला ते बघताच येत नाही." मग खिशातून चिठ्ठी काढून नव्या गावच्या दवाखान्याचा नंबर लिहिला आणि पट्टी आणखी महिनाभर चालू ठेवायला सांगितलं. बाहेर त्यांचा पुढचा पेशंट थांबला होता. परवाच्या त्या दोन सिगरेटी शेवटच्या ठरल्या. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बाईंनी तसं वचनही मागितलं नाही.

मी पार्किंगमध्ये आलो. बायको स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. मी दार उघडून शेजारी बसलो. तिनं डोळे उघडले, पण विचारायचा धीर तिला होईना.

"परवा हॉलच्या मागे मी दोन ओढल्या," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "दोनच?"

"दोनच. आणि गाठ गेली. सगळं साफ आहे."

ती लगेच रडली नाही, हसलीही नाही. माझा चेहरा नीट तपासत होती. मी आयुष्यभर तिला चांगल्याच बातम्या सांगत आलो होतो.

"दोन ओढल्याचं सांगितलंस," ती हळूच म्हणाली, "म्हणजे हेही खरंच असणार." आणि मग तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.